आता किती?

"हिचा आवाज थेट ज्योत्स्नासारखा हाय. आजपासून हिलेच बसव टीव्हीपाशी."

मनकर्णाबाई हे न्हाणीच्या भिंतीआड मुलाला सांगत होत्या आणि भिंतीच्या अलीकडे त्यांची नवी सून वर्षाराणी धुण्याला नीळ घालत होती. लग्न होऊन इंझोरीत आल्याचा तिचा दुसराच दिवस होता. माहेरी तिला सगळे मुकी म्हणत. आवाजाचं कौतुक पहिल्यांदाच कानावर पडलं, तेही चोरून, आणि तेही दुसरीच्या नावानं.

ज्योत्स्ना म्हणजे तिची थोरली जाऊ. जावेचा नवरा, म्हणजे भासरे गोलूदादा, दोन वर्षांपूर्वी स्लॅबवरून पडून गेले आणि जाऊ पुढं कधीतरी वाशीमला माहेरी निघून गेली, एवढंच तिला ठाऊक होतं.

मागे राहिली होती गोलूदादांची डिशची छत्री. सी-बँडचे फुकटचे चॅनल धरायला आठ फुटी जाळीची छत्री लागते. त्यांनी मात्र हट्टानं अडीच फुटी छत्रीवरच सिग्नल झेलणारा तो जाडजूड एलएनबी बांधला होता. एवढ्याशा छत्रीत सिग्नल जेमतेम मावतो, बोटभर सरकली की गेला. म्हणून एकानं वर छत्री फिरवायची आणि दुसऱ्यानं खाली बसून टीव्हीवरचा क्वालिटीचा आकडा ओरडून सांगायचा.

त्या संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर तिचा नवरा लखन जिना चढून गेला. वर्षाराणी टीव्हीसमोर बसली. सासू उंबऱ्याशी, टीव्हीकडे पाठ करून.

वरून आवाज आला, "आता किती?"

"बारा."

नट कुरकुरला. गंजावर ओतलेल्या रॉकेलचा वास जिन्यातून हळूहळू खाली उतरला.

"आता?"

"एकोणीस."

मग हे रोजचंच झालं. कारंज्याची साडेसातची एसटी फाट्यावरून गेली की वरचा आवाज थांबे, लखन खाली येई आणि सासू पोटभर जेवे. चित्र मात्र एकदाही आलं नाही आणि त्याचं कुणाला काही वाटलंही नाही. टीव्हीशिवाय इतकं सुखानं नांदणारं घर वर्षाराणीनं पाहिलं नव्हतं. सासूनं एकच गोष्ट बजावली होती. आकडा सांग, पण 'आलं' म्हणू नको.

दहा-बारा दिवसांनी लखन कारंज्याला गेला. तो परतला असेल, असं धरून ती वेळेवर टीव्हीपुढं बसली. वरून विचारणा झाली, तिनं "चौदा" म्हटलं, आणि तेवढ्यात अंगणात मोटरसायकल थांबली. लखन दारातून आत आला.

"आता किती?" वरून आवाज आला.

वर्षाराणीनं छताकडे पाहिलं. लखननं पाहिलं नाही. सासूनंही नाही.

"वर... कोण हाय?"

लखन भिंतीला टेकून खाली बसला. "मी तं रोज जिन्यातच बसतो," तो म्हणाला. "स्लॅबवर... कधी गेलोच नाही."

वरची पावलं मागच्या बाजूला सरकू लागली. तिकडे कठडा नव्हता. सासूनं तिचं मनगट धरलं.

मग तुकड्यातुकड्यानं कळलं. गोलूदादा पडले त्या संध्याकाळी ज्योत्स्ना दूध उतू जातं म्हणून चुलीकडे गेली होती. वरून तीनदा विचारलं, उत्तर आलं नाही, म्हणून ते खिडकीतून पाहायला काठावरून वाकले. तेव्हापासून रोज विचारतात. आईचा आवाज त्यांना चालत नाही, भावाचा चालत नाही. ज्योत्स्ना दीड वर्ष आकडे सांगत राहिली आणि एक दिवस पळाली. पुढं रोज साडेसातला परसात तोच धप्प आवाज... चार महिने.

"तू सांगत राह्य माय," सासू पुटपुटली. "तो पडत नाही मंग."

"आलं म्हणून सांगून टाकलं तं?"

"मंग तो यायचाच नाही. मले तेवढाच आवाज हाय त्याचा."

वर्षाराणी बावीस वर्षांची होती. सासू अजून पन्नाशीलाही पोचली नव्हती. पुढच्या सगळ्या संध्याकाळी तिला त्या खोलीत ओळीनं बसलेल्या दिसल्या.

"आता... किती?" आवाज आता काठावरून येत होता.

टीव्हीवर शून्य होतं. भासऱ्यासमोर घेतात तसा तिनं डोक्यावर पदर घेतला आणि छताकडे तोंड करून म्हणाली, "आलं, दादा. चित्र आलं. तिकडे नका जाऊ. जिन्यानं खाली या."

वर सगळं शांत झालं. फाट्यावरून एसटी गेली. परसात काहीच पडलं नाही.

मग जिन्याची वरची पायरी वाजली.

टीव्हीवरचा आकडा आपोआप हलला. अठरा. दुसरी पायरी वाजली. सत्तावीस. छत्रीला आता कुणाचाच हात नव्हता, तरी प्रत्येक पावलागणिक तो चढत होता. छत्तीस... एक्केचाळीस... काळ्या काचेत काहीतरी चौकोनाचौकोनानं जुळू लागलं. लखननं डोळे मिटून घेतले. मनगटावरचा हात सुटला. मनकर्णाबाई धडपडत उठल्या आणि दोन्ही हातांनी जिन्याचं दार लोटू लागल्या. कडी काही केल्या बसेना.

वर्षाराणी उठली. तिनं सासूचे हात कडीवरून सोडवले.

"दार उघडं राहू द्या, आई," ती म्हणाली. "तुमचंच लेकरू हाय."