नवं मीटर, जुना श्वास

गाडी गॅरेजच्या दारात बंद पडली तेव्हा पाऊस असा नव्हता... नुसती भुरभुर होती. भिजवावं की नाही, हे आभाळाचंच ठरत नव्हतं. गाडी गडद हिरवी, बुटकी, रुंद पाठीची, टर्बोवाली. अशा गाड्या दारात येतात त्या गुरगुरत. ही आली ती दम लागल्यासारखी, दोनदा धापली आणि थांबली.

आतून उतरलेला माणूस त्या गाडीला अजिबात शोभत नव्हता. इस्त्रीचा फिकट निळा शर्ट, खिशाला हॉस्पिटलचं ओळखपत्र, आणि चुकून दुसऱ्याच्या वर्गात जाऊन बसल्यासारखा चेहरा.

"नाडीवाले, गिऱ्हाईक आलंय बघ," आत्या मागून ओरडली. गॅरेज आत्याचं. पत्रा ठोकणं आणि रंग मारणं तिच्याकडे, इंजिनाचं दुखणं भाचीकडे. भाची लॅपटॉप जोडून गाडीचा रोग सांगायची, म्हणून सगळे तिला नाडीवाली म्हणत.

"नाडी म्हणजे... पायजम्याची?" त्याने जपून विचारलं.

"हा विनोद मी रोज ऐकते. पण लोक हसत करतात, तुम्ही घाबरत केलात... म्हणून माफ." ती बॉनेटला टेकली. "काय होतंय गाडीला?"

"मी थांबवली नाही. मला पुढे जायचं होतं. तीच थांबली."

एरवी तिने यावर एखादा टोमणा मारला असता. पण त्याचे डोळे असे काही शांत आणि थकलेले होते, की टोमणा ओठांवरच राहिला.

तिने गाडी आत ढकलून घेतली, लॅपटॉप जोडला, इंजिन जरा चालवलं. दोन मिनिटांत रोग कळला. इंजिनात किती हवा जाते ते एक मीटर मोजतं, आणि त्या हिशेबाने पेट्रोल सुटतं. या गाडीचा टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, मोठा बसवलेला, मीटर मात्र जुनंच, चिमुकलं. जोर दिला की पडद्यावरची रेघ वरच्या कडेला टेकायची आणि तिथेच सपाट व्हायची.

"लहान तोंडी मोठा घास," ती म्हणाली. "हवा मावेनाशी झाली की हे मोजायचंच सोडून देतं. मोठं मीटर लागेल."

"आहे. डिकीत. ताईने आणून ठेवलं होतं." तो थांबला. "गाडी ताईची होती."

त्या 'होती'ला तिने मान हलवली आणि इंजिन बंद केलं. किल्ली तेवढी चालू ठेवली. आता रेघ तळाशी सरळ पडायला हवी होती.

रेघ हलली. हळूच वर चढली, थबकली. पुन्हा चढली.

"वारा असेल," ती म्हणाली, आणि शटर खाली ओढलं. वारा बंद झाला. रेघ हलतच होती. मग तिने चिंधीतला एक सुती दोरा काढला आणि हवा आत घेणाऱ्या नळीच्या तोंडाशी धरला. दोरा आत ओढला गेला. सैल पडला. पुन्हा आत गेला.

तो पडद्याकडे बघत होता. चेहरा पांढराफटक.

"हा श्वास आहे," तो म्हणाला.

"अहो, गाडी बंद आहे."

"गाडीचा म्हणत नाही मी." त्याने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "माझं कामच ते. आजारातून उठलेल्यांना श्वास घ्यायला शिकवतो. अशा रेघा दिवसभर बघतो. दोन आखूड, एक लांब, मध्ये बारीकशी अडखळ... असा श्वास मी एकाच माणसाचा पाहिलाय."

कोणाचा, हे तिने विचारलं नाही. गाडीत खोकल्याच्या गोळीचा वास येत होता, मघापासून.

त्या दिवशी मीटर बदललं नाही. "आज नको," तो म्हणाला, आणि तिने हो म्हटलं. गाडी तिथेच ठेवून तो चालत गेला, भुरभुरीत, छत्री विसरून.

मग तो रोज दुपारी ड्युटी संपली की यायला लागला. ती किल्ली चालू करायची, तो लॅपटॉप मांडीवर घेऊन गाडीत बसायचा. हॉस्पिटलात त्याला सगळे 'घ्या-धरा-सोडा' म्हणत, कारण दिवसभर तो हेच तीन शब्द बोलायचा. श्वास घ्या, धरा, सोडा.

"म्हणजे तुम्हीही टोपणनावाचे बळी," ती म्हणाली.

"निदान माझ्यावर पायजम्याचे विनोद होत नाहीत."

"घ्या-धरा-सोडा हे भाजीवाल्याचं नाव वाटतं. पसंत पडली तर घ्या, नाहीतर सोडा."

तो हसला. त्याला हसताना तिने पहिल्यांदा पाहिलं, आणि काळजात काहीतरी हललं ते पुन्हा जागेवर बसेना. आत्याने मागून पत्र्यावर उगाचच एक जास्तीचा टोला हाणला.

ताई बुटकी होती, हेही तेव्हाच कळलं. स्टिअरिंगला नाक लावून चालवायची आणि भल्याभल्यांना मागे टाकायची. शेवटी फुप्फुसं थकली. रोज संध्याकाळी नाडीवाली चालकाची सीट मागे सरकवून ठेवायची, आणि सकाळी ती पुढे आलेली असायची, अगदी पुढे. बाजूच्या सीटचा खटका मात्र गंजून अडकला होता. तेल सोडून, ठोकून, शिव्या घालूनही ती सीट हलेना. नाडीवाली उंच, ताडमाड. बाजूला बसली की गुडघे थेट हनुवटीला लागायचे.

"तुम्हाला घडी घालून ठेवल्यासारखं दिसतंय," तो म्हणायचा.

"कपाटात जागा असेल तर ठेवा..." ती बोलून गेली, आणि मग पाना शोधायच्या निमित्ताने बराच वेळ बॉनेटमध्ये डोकं घालून बसली.

पण तो तिच्याकडे बघायचा ते असं मधूनमधून. बाकीचा वेळ रेघेकडे. जिवंत माणूस शेजारी बसलेलं, आणि याचं सगळं लक्ष नसलेल्या माणसाकडे. तिला हेवा वाटायचा, आणि हेवा कोणाचा वाटतोय हे आठवलं की लाजही वाटायची.

आणि रेघ बदलत चालली होती. तळाशी येईनाशी झाली होती. रोज थोडी वर, थोडी वर. बंद गाडीचं मीटर भरत चाललं होतं. दोरा आत ओढला जायचा, सैल पडायचा, पुन्हा आत. बाहेर एकदाही ढकलला गेला नव्हता. हे तिच्या ध्यानात आलं.

"एक विचारू?" ती म्हणाली. बाहेर त्या दिवशीही तीच कंटाळवाणी भुरभुर होती. "तुमचे तीन शब्द. ताईलाही शिकवलेत?"

"शेवटपर्यंत मीच बसलो होतो तिच्यापाशी."

"तिन्ही शब्द म्हणालात?"

पडद्यावरची रेघ वर चढली, वरच थांबली.

"घे म्हणत होतो," तो शेवटी म्हणाला. "धर म्हणत होतो. धर ताई, अजून थोडं धर... तिसरा शब्द तोंडातून निघेना. तो म्हटला असता तर ती गेली असती. मग मी म्हटलाच नाही." त्याने डोळे पुसले. "तरी गेली."

"गेली कुठे? तुम्ही धर म्हणालात, ती धरून बसलीय. भावाचा शब्द मोडला नाही तिने."

त्याने तिच्याकडे पाहिलं. रेघ सोडून, पहिल्यांदाच, पुरतं.

"हे मीटर काढलं तर..." तो म्हणाला.

"काढलं तर कदाचित ती इथे नसेल. आणि तुम्हीही येणार नाही." तिचा आवाज कापला, पण तिने कापू दिला. "नाही काढलं तर तुम्ही रोज याल, इथे बसाल, आणि मला तेच हवंय. तेवढंच हवंय, खरं सांगते. म्हणूनच म्हणते, काढू या. अशा कारणासाठी मी कोणाला कोंडून ठेवणार नाही. तिलाही नाही, तुम्हालाही नाही."

मागचा ठोकण्याचा आवाज थांबला होता. आत्याच्या तोंडात कधी तीळ भिजत नसे, पण त्या दिवशी भिजला.

तो गाडीतून उतरला. बॉनेटवर वाकून त्याने नळीच्या तोंडाशी तोंड नेलं, रुग्णाच्या उशाशी वाकावं तसं. नाडीवालीने दोरा धरला होता.

"ताई," तो हळूच म्हणाला. "छान घेतलास. छान धरलास. आता सोड... सोड, ताई."

काहीच झालं नाही. मग दोरा थरथरला, वळला, आणि बाहेर आला. बाहेर, सरळ, ताठ, आणि तसाच राहिला. इतका लांब उच्छ्वास, की संपेल असं वाटेना. गाडीच्या बंद काचा आतून धूसर झाल्या, एकेक करून. खोकल्याच्या गोळीचा वास सगळ्या गॅरेजभर पसरला. मग दोरा खाली पडला, काचा हळूहळू निवळल्या, आणि पडद्यावर रेघ तळाशी जाऊन सरळ झोपली.

तो रडला. तिने रडू दिलं. हात पुसायची चिंधी पुढे केली, ती ग्रीसची निघाली, आणि त्याच्या गालावर काळा पट्टा उमटला. तो पट्टा तिने मुद्दामच पुसला नाही.

जुनं मीटर तिने हलक्या हाताने सोडवलं आणि त्याच्या ओंजळीत ठेवलं. नवं मीटर रुंद तोंडाचं, चकचकीत. ते बसवलं, स्क्रू आवळले, किल्ली फिरवली. इंजिन उठलं, दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

"काय झालं?" त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

तिने कपाळावर हात मारला. मीटर मोठं बसवलं, पण गाडीच्या संगणकाला ते सांगायचंच राहिलं होतं. तो बिचारा अजून जुन्याच मापाने मोजत होता; हवा ढीगभर आणि पेट्रोल चिमूटभर. ही चूक शिकाऊ माणूस करतो. तिने आजवर कधी केली नव्हती.

"नाडीवालीची नाडी सुटली वाटतं," आत्या मागून म्हणाली. तीळ भिजायचा तो तेवढाच.

लाल कानांनी तिने नवं माप भरलं. मग त्याला लॅपटॉप देऊन गाडीत बसवलं आणि स्वतः मीटरवर वाकली. नवं मीटर बसवलं की ती त्यावर एक फुंकर मारायची आणि रेघ उठते का बघायची. तिची रीतच होती ती. ओठ मीटरपाशी नेले, आणि फुंकर मारायच्या आधीच तो आतून म्हणाला,

"रेघ हलतेय."

"ताई?"

"नाही. हा निराळा आहे. उथळ... भराभर... मध्येच थांबतो." तो रेघ वाचत होता, कपाळाला आठी घालून, अगदी हॉस्पिटलातल्यासारखा. "हे माणूस घाबरलंय, नाहीतर..."

"नाहीतर?"

रेघ एकदम उंच उडाली. त्याने मान वर केली. बॉनेटखालच्या फटीतून त्याला तिचे ओठ दिसले, मीटरला जवळजवळ टेकलेले.

"घाबरलेलं नाहीये," ती तिथूनच म्हणाली. उगाच खोटं कशाला. पडद्यावर सगळं उमटलंच होतं.

तो दार उघडून बाहेर आला, गालावर काळा पट्टा तसाच, आणि त्याने हात पुढे केला.

"श्वास घे," तो म्हणाला.

"अहो-जाहो कुठे गेलं?"

"घे तर खरं."

तिने घेतला.

"धर."

तिने हात धरला. शर्टाच्या इस्त्रीच्या बाहीवर ग्रीसची पाच बोटं उठली. ती तिसऱ्या शब्दाची वाट बघत उभी राहिली, श्वास छातीत, छाती धडधडत.

"पुढचा शब्द?" तिने शेवटी विचारलं.

"तो आज एकदा बोलून झालाय," तो म्हणाला. "मला पुन्हा म्हणायचा नाही."

श्वास तिचा तिनेच सोडला. हात नाही सोडला.

मग गाडीला एक फेरी मारायला हवीच होती. नवं मीटर रस्त्यावर पारखल्याशिवाय काम पुरं होत नाही. तो चालकाच्या जागी बसला. सकाळी पुढे आलेली ती सीट आता त्याच्या मापावर होती. ती सवयीने गुडघे दुमडून बाजूच्या सीटवर बसायला गेली, आणि पाय सरळ पसरले. खटका गंजून अडकलेली ती सीट पार मागे सरकलेली होती, बरोबर तिच्या उंचीइतकी.

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे. सीट कोणी सरकवली, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. गाडीने पहिल्यांदाच भरपूर श्वास घेतला आणि भुरभुरीत बाहेर पडली.