महाबली नेवल्याची दुसरी सीडी

मिना राठोडचं लग्न जवळा बाजारच्या मुलाशी झालं, वाजतगाजत झालं, आणि जेवणात बुंदी कमी पडली. वाचलंत? आता हे वाक्य विसरून जा. प्रेमदास पवारनं तेच केलंय. त्याच्या लेखी हे लग्न झालेलंच नाही. मिना अजून गोरेगावात, मोहनसिंगच्या गिरणीपुढं दळणाच्या डब्याशेजारी बसलेली आहे, लाईट गेलेली आहे, आणि ती कधी येईल हे कुणालाच माहीत नाही. तर तिथूनच सुरू करू.

मोहनसिंगचं पत्र्याचं एक लांबलचक शेड होतं. मधोमध पत्र्याचीच भिंत. अलीकडं पिठाची गिरणी, पलीकडं व्हिडिओ. दोन्ही धंदे एकाच मीटरवर चालायचे आणि दुपारी भारनियमन सुरू झालं की एकदमच बंद पडायचे. मग दळणाला आलेल्या बाया आणि पिक्चरला आलेली पोरं एकाच लिंबाच्या सावलीत येऊन बसायची. मोहनसिंग गिरणीचं बटण तसंच चालू ठेवायचा. गिरणी धडधडली की समजायचं, लाईट आली. आणि ज्यानं त्यानं आपापल्या दाराकडं पळायचं. मुलामुलींनी चार शब्द बोलावेत म्हणून सेनगाव तालुक्यात शासनानं काही सोय केली असेल, तर ती एवढीच.

२००४ साल. तुरी काढायचे दिवस. लाईट गेली आणि प्रेमदास अंधारातून एकदम उन्हात आला. डोळ्यांपुढं सगळं पांढरं. पुढचं पाऊल त्यानं टाकलं, तेही पांढऱ्यातच पडलं... मऊ, कोमट, नुकत्याच दळलेल्या ज्वारीच्या पिठात.

"ओ भाऊ! पाय!"

व्हिडिओच्या दारात चपला काढायची पद्धत होती, त्यामुळं पाय अनवाणी होता. तेवढंच पिठाचं नशीब.

"दिसलं न्हाई," प्रेमदास म्हणाला.

"पीठ न्हाई दिसलं, का पाय?"

"मी आतून आलो ना—"

"सगळेच आतून आले. बाकीच्यांनी न्हाई ठेवला."

तिनं वाकून डब्यात पाहिलं. पाचही बोटं स्वच्छ उमटली होती. "लोकांच्या घरात लक्ष्मीची पावलं उमटतात," ती म्हणाली, "आमच्या नशिबात हे आलं."

"परत दळून देऊ का?"

"दळलेलं परत दळतात व्हय?" तिच्या पापण्यांवर पीठ बसलं होतं. ती हसली तेव्हा ते थोडं उडालं. "काय लावलं होतं आत?"

"महाबली नेवला."

"शेपटीवाला होता का बिनशेपटीचा?"

प्रेमदास बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता. इतका नेमका प्रश्न त्याला विद्यापीठानंही कधी विचारला नव्हता. तिथंच तो गेला. म्हणजे उभाच होता, पण गेला.

हा प्रश्न काय होता ते सांगायला पाहिजे. महाबली नेवला म्हणजे परदेशातला जुना, मोठा मुंगूसवीर. विषारी टोळ्यांशी लढणारा, हिंदीतून बोलणारा. मोहनसिंगकडं त्याचा पिक्चर दोन सीड्यांमध्ये होता. पहिल्या सीडीतला नेवला गुबगुबीत. तपकिरी कपडे, हातभर झुपकेदार शेपटी. हसायचा, भरपूर जेवायचा, दवाखान्यातल्या नर्सवर प्रेम करायचा. शेवटी तो उंच मनोऱ्यावरून निघून जात असतो, नर्स मागून हाक मारते, तो थांबतो... आणि सीडी संपते. दुसऱ्या सीडीतला नेवला एकदम वाळलेला. अंगात काळं चामडं, शेपटी गायब, मुक्काम तळघरात. सारखा पाऊस. नर्सचे केसही आखूड. हा नेवला खोल आवाजात दुःखाचं बोलायचा आणि शेवटी तिच्याच भल्यासाठी तिला सोडून पावसात चालू पडायचा. मागं वळूनसुद्धा पाहायचा नाही.

खरी गोष्ट एवढीच होती की ते दोन वेगवेगळे पिक्चर होते. एकाच नेवल्यावर दोन वेगवेगळ्या लोकांनी, बऱ्याच वर्षांच्या अंतरानं काढलेले. मोहनसिंगनं टीव्हीचा सेट एका लग्नाला भाड्यानं दिला होता, तेव्हा एकाची दुसरी आणि दुसऱ्याची पहिली सीडी तिकडंच राहिली. पण हे गोरेगावात कुणालाच माहीत नव्हतं, तेव्हा आपणही ते माहीत नाही असंच धरू.

गावात मतं पुष्कळ होती. कुणी म्हणे, नेवल्याला कावीळ झाली. लिंबाखाली फुटाणे विकणारा कोंडीबा म्हणे, "त्यात काय समजायचं? मध्यंतरात लग्न झालं असंल."

प्रेमदास मात्र दुसऱ्या नेवल्याचा भक्त होता.

"पहिला पोरकट हाये," पुढच्या भारनियमनाला तो मिनाला म्हणाला. "दुसरा बघ. किती सोसतो. पर बोलून दाखवत न्हाई."

"त्याची दाढ दुखून राहिली."

"दाढ?"

"मंग काय. सारखा गालावर हात. पावसात हिंडल्यावर दुखणारच."

"अगं, तो दुःखात हाये! काय काय बोलतो, ऐकत न्हाईस का?"

"कशी ऐकणार? गिरणी चालू असती तवा."

तेही खरंच होतं. ती मधल्या पत्र्याच्या भोकातून पिक्चर पाहायची, आणि लाईट असली की गिरणीही धडधडायची. अख्खा नेवला तिनं एक शब्द न ऐकता पाहिला होता.

"पहिल्याचं न ऐकताच समजतं," ती म्हणाली. "भूक लागली की जेवतो, पोरगी आवडली की सांगतो. माणसासारखा हाये."

"तो मुंगूस हाये."

"म्हणून तर म्हणते, शेपटी पाहिजे."

भांडण वाढत गेलं आणि त्याबरोबर दळणही. घरातली ज्वारी संपली, मग बाजरी आली, मग हरभऱ्याची डाळ. घरात माणसं आहेत का घुशी, असं मिनाच्या आईनं, रुक्माबाईनं, विचारून पाहिलं. लाईटचा भरवसा नाही, असं उत्तर मिळालं. एके दिवशी मिनानं डबा पुढं केला तेव्हा मोहनसिंग चष्मा पुसून म्हणाला, "पोरी, हे तर पीठच हाये."

"व्हय. बारीक पाहिजे."

मोहनसिंग धंदेवाला माणूस. त्यानं पीठ दळून दिलं. लिंबाखाली बसलेल्या प्रेमदासनं ते पाहिलं. "भाऊ" म्हणणं तिनं कधी सोडलं, ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं. आता ती त्याला नुसतं "नेवल्या" म्हणायची.

एक गोष्ट मात्र दोघांनी सांभाळली होती. दोघंही लमाण तांड्यांवरचे, ती एका तांड्याची, तो दुसऱ्याचा. घरी गोरमाटी बोली चालायची, पण लिंबाखाली दोघं मराठीतच बोलायचे. मराठीत पिक्चरवर भांडता येतं. गोरमाटीत बोललेलं घरचं होतं, आणि घरचं झालं की खरं होतं. तेवढी भीती दोघांनाही होती.

मार्चमध्ये, बाजाराच्या दिवशी, मिना आली तेव्हा डबा रिकामा होता.

"आज दळण न्हाई?" प्रेमदासनं विचारलं.

ती बसली नाही. उभ्या उभ्या, एका दमात बोलली, आणि पहिल्यांदाच गोरमाटीत बोलली. जवळा बाजारचं स्थळ आलंय. येत्या बाजारापर्यंत सुपारी फुटेल. राठोड आणि पवारांत सोयरीक चालते, बापाचा राग लवकर उतरतो. फक्त त्याआधी तुझ्या तांड्याच्या नायकाला घेऊन मागणी घालायला आमच्या दारात ये. येशील का?

एकच शब्द पाहिजे होता. येतो. शब्द प्रेमदासकडं होता, जिभेवरच होता. पण त्याचं बी.ए. अर्धं होतं, नोकरीचा पत्ता नव्हता, दारात जाऊन बापानं नाही म्हटलं तर काय, ही धास्ती होती. आणि या सगळ्या भित्रेपणाला महान म्हणणारी एक आख्खी सीडी त्याला पाठ होती.

त्यानं आवाज खोल केला. "ज्याच्या नशिबात साप मारणं लिवलंय," तो मराठीत म्हणाला, "त्यानं घर बांधू नये."

मिना त्याच्याकडं पाहत राहिली. "कोणते साप?"

"म्हणजे... तसं न्हाई."

"तुमच्या तांड्यात साप निघाला का?"

"न्हाई."

"मंग?" तिचा आवाज अगदी बारीक झाला. "दाढ दुखून राहिली का तुझी?"

"मिना, तुझ्या भल्यासाठीच—" एवढं म्हणून तो वळला आणि चालू लागला.

पिक्चरमध्ये इथं पाऊस पडतो. गोरेगावात मार्च महिन्यात पाऊस कुठून आणणार? धूळ होती, ती उडाली. पाऊस नसल्यामुळं डोळ्यांतल्या पाण्याला काही आडोसाच मिळेना.

"ए नेवल्या!" मागून हाक आली. "रामाची आण हाये तुला. तोंड दाखव!"

रस्त्यात मुंगूस आडवं गेलं की पोरं त्याला अशीच आण घालतात, आणि मुंगूस थांबून, वळून तोंड दाखवतं. प्रेमदास थांबला. खरंच थांबला. मान अर्धी वळलीसुद्धा—

आणि लाईट आली.

गिरणी धडधडली. पट्टा फटाफट वाजायला लागला, पत्रे थरथरले, बाया डबे घेऊन धावल्या, पोरं व्हिडिओकडं पळाली. त्या गदारोळात मिना आणखी काहीतरी बोलली. बराच वेळ बोलली. आवाज तिचाच होता, एवढंच त्याला कळलं. शब्द सगळे दळले गेले. तो तिच्याकडं पाठ करून गिरणी थांबायची वाट पाहत राहिला. लाईट महिनोन्‌महिने जशी कधी टिकली नव्हती, तशी त्या दिवशी टिकली. शेवटी दुसऱ्या सीडीतला नेवला इतका वेळ उभा राहत नाही हे त्याला आठवलं, आणि तो निघून गेला.

पुढं जे झालं ते पहिल्या वाक्यात होतं, आणि ते वाक्य आपण विसरलेलो आहोत.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर मिना माहेरी आली. आईचं दळण घेऊन गिरणीवर आली तेव्हा लाईट गेलेलीच होती. प्रेमदास लिंबाखाली बसला होता. बी.ए. झालं होतं. बाकी काही झालं नव्हतं.

"कसं काय, भाऊ?" ती म्हणाली.

त्या एका शब्दानं त्याचं जे व्हायचं ते झालं. "बरं हाये," तो म्हणाला.

ती डब्याशेजारी बसली. कोंडीबानं दोघांना न मागता फुटाणे दिले.

"जवळ्यालाबी नेवला हाये," मिना म्हणाली. "आमच्या शेजारी सीडी हाये. लग्नाच्या सेटसंगं आली अन् तिथंच राहिली म्हणे. पर तिथं उलटा हाये. आधी रडतो, मंग हसतो. लोक म्हणतात, बाईच्या हातचं जेवून सुधारला."

प्रेमदासच्या हातातला फुटाणा हातातच राहिला. एवढं त्याला लगेच समजलं. दीड वर्ष तो ज्याच्यासारखा चालत गेला, तो त्या मनोऱ्यावर कधी उभाच नव्हता. मनोऱ्यावरच्याचं पुढं काय झालं, ते जवळ्याला होतं.

"दुसऱ्या सीडीत..." त्यानं विचारलं, "मनोऱ्यावर नर्स हाक मारते. मंग?"

"वळतो."

"लगेच?"

"लगेच. शेपटी अडकती जरा, पर वळतो. मुखवटा काढून तोंड दाखवतो."

"अन् म्हणतो काय?"

मिनानं डब्यावरचं पीठ हातानं झटकलं. "म्हणतो, उद्या नायकाला घेऊन येतो."

"नेवला?"

"...न्हाई म्हणला असंल. तिथं शेजारी गिरणी न्हाई, सगळं साफ ऐकू येतं. पर मला तेच ऐकू आलं."

लिंबाची पानं पडत होती. प्रेमदासला ती मोजावीशी वाटली, म्हणजे वर पाहावं लागलं नसतं. शेवटी तो गोरमाटीत बोलला. उशीर झाला होता, पण बोलला. त्या दिवशी लाईट आल्यावर तू काय म्हणालीस?

ती मराठीत म्हणाली, "ते दळून झालं, भाऊ. भाकरीबी झाल्या."

लाईटची वाट न पाहता तिनं डबा डोक्यावर घेतला. आतली ज्वारी तशीच होती. जीपच्या थांब्याजवळ, जिथून रस्ता तांड्याकडं वळतो, तिथं ती थांबली आणि वळली. कुणी आण घातली नव्हती. तिनं तोंड दाखवलं. मग रस्ता वळतो तशी तीही वळली.

प्रेमदासच्या बी.ए.चा उपयोग झाला तो एकदाच. त्या आठवड्यात त्यानं स्वच्छ अक्षरात एक अर्ज लिहिला आणि सेनगावला जाऊन वीज कार्यालयाच्या आवक खिडकीवर दिला:

"मा. उपअभियंता साहेब यांचे सेवेशी. विषय: मागील वर्षीचा वीजपुरवठा रद्द करणेबाबत. महोदय, गेल्या वर्षी मार्च महिन्यात बाजाराच्या दिवशी दुपारी मौजे गोरेगाव येथील वीजपुरवठा भारनियमनाची वेळ संपण्यापूर्वीच सुरू झाला. त्यामुळे अर्जदारास एका व्यक्तीचे बोलणे ऐकू आले नाही. तरी सदर वीजपुरवठा पूर्वलक्षी प्रभावाने, फक्त एका मिनिटासाठी, खंडित करण्यात यावा, ही नम्र विनंती. त्यामुळे होणाऱ्या गैरसोयीस अर्जदार स्वतः जबाबदार राहील."