राहून गेलेलं हसणं

टीव्हीवर मी पुष्कळदा मेले आहे. कन्नड मालिकांत आईची कामं करणारीला ते चुकत नाही. घरात मराठी बोलत जयनगरला वाढले आणि या शहरातल्या कितीतरी घरांची संध्याकाळची आई झाले. आजही बाजारात फुलवाल्या बायका ओळखतात, वर मोगऱ्याचा जास्तीचा गजरा हातात ठेवतात. नशिबाच्या नावाने कुरकुर करायला मला तोंड नाही.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. मेल्याचा प्रसंग झाला की त्या नटाने लगेच कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. ते कुठे दाखवत नाहीत. कॅमेऱ्याने शेवटचं पाहिलेलं माणूस मेलेलं नसावं, एवढंच. माझा विश्वास नव्हता, पण हसायला आपलं काय जातं, म्हणून हसत आले.

गेल्या वर्षी स्तनात गाठ निघाली. केमोथेरपी घ्यायची तर मालिका सोडणं भाग होतं. दिग्दर्शक विश्वेश्वर माझ्यापेक्षा जास्त रडला. जे. पी. नगरच्या भाड्याच्या बंगल्यात शूटिंग चालायचं. तिथेच त्याने माझ्या पात्राला झोपेत मरण दिलं, हॉलमध्ये माझा मोठा फोटो टांगला, त्याला हार घातला. तेवढ्यात जनरेटर बंद पडला. मला हॉस्पिटलला पोचायचं होतं. हसणं राहून गेलं.

केस जाणार, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. धाकटा भाऊ गिरीराज स्कार्फसुद्धा घेऊन आला. पण केस गेले नाहीत. तोंडाची चवही गेली नाही. मी बिसीबेळे भात मागून मागून खात होते. डॉक्टर रिपोर्ट पुन्हा पुन्हा चाळायचे.

संध्याकाळी आम्ही मालिका बघायचो. मालिकेतली सून माझ्या फोटोपुढे दिवा लावत होती, तेव्हा गिरीराज म्हणाला, “अक्का, स्वल्प बघ. फोटो बदलला काय गं त्यांनी?”

फोटोतले गाल बसले होते. मी म्हटलं, प्रकाशयोजना. पुढे भांग रुंदावत गेला. मग भुवया गेल्या. मी विश्वेश्वरला फोन केला.

“तोच फोटो आहे, अक्का. ऊन येतं तिथे, रंग उडाला असेल.”

“सरी, ठीक आहे,” गिरीराज म्हणाला आणि त्याने टीव्ही बंद केला. मी तो पुन्हा लावला. त्या दिवसापासून दिवा लागला की मीही हात जोडायला लागले. कुणीतरी माझं दुखणं अंगावर घेत होतं. इतकं माझ्यासाठी कुणी केलं नव्हतं.

मी बरी झाले. मालिकाही संपत आली. शेवटच्या दिवशी विश्वेश्वरने मला बोलावून घेतलं.

भिंतीवर ती होती. डोक्यावर एक केस नाही, डोळे खोल गेलेले.

“उन्हाने पार वाट लावली,” विश्वेश्वर म्हणाला. त्याने हार उतरवला. “अक्का, तेवढं हसणं राहिलंय. वर्षभर माझ्या मनाला लागून राहिलं होतं. आज घेऊ या.”

“राहू दे रे,” मी म्हटलं.

“असं कसं? सगळे त्यासाठीच थांबलेत.”

खरंच थांबले होते. मेकअपवाली डोळे पुसत होती. या माणसांनी माझ्यासाठी नवस केले होते. नको म्हणायचं, तर कारण काय सांगायचं? मी फोटोकडे पाहिलं. तिनेही माझ्यापायी खूप सोसलं होतं. आता तिची सुटका व्हायला हवी, असं मला मनापासून वाटलं.

मी कॅमेऱ्याकडे बघून हसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

फोटो त्यांनी मला भेट दिला. गिरीराज म्हणाला, माळ्यावर टाक. मी तो माझ्या खोलीत लावला. उपकार करणाऱ्याला कुणी माळ्यावर टाकतं का?

आज सकाळी उठले. स्वयंपाकघरातून कॉफीचा वास येत होता.

फोटोतले गाल भरले होते. भुवया पेन्सिलीने काढल्यासारख्या बारीक उगवल्या होत्या.

ती हसत होती. फोटो काढला तेव्हा मी हसले नव्हते.

मला बरं वाटलं, अगदी खरं सांगते. मी हात जोडले.

मग बांधायला म्हणून केस मुठीत घेतले. ते सगळे हातात आले.