डावखुऱ्यांचं गाव

"काका, कप!" सना ओरडली, पण तोवर महेश्वरकाकांनी चहाचा कप जुन्या चित्रावर टेकवलासुद्धा!

"असू दे गं, टाकायचंच आहे ते," काका हसले. सात रस्त्याजवळच्या तिच्या अब्बांच्या फ्रेमच्या दुकानात ते वाचनालयाची चित्रं घेऊन आले होते. उद्यापासून प्रदर्शन होतं. "हे गाव कुणालाच ओळखता येत नाही. याची फ्रेम काढा आणि पाहुण्यांचं मानपत्र बसवा तिच्यात."

तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं दीडशे वर्षांपूर्वीचं चित्र! नदी, घाट, देऊळ, इवलीइवली माणसं. खाली इंग्रजीत एवढंच, 'भीमेकाठचं एक गाव'. सनाचा जीव कळवळला.

"जुना डिंक आहे काका, सुटायला संध्याकाळ होईल!" तिने ठोकून दिलं. अब्बांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि चित्र तिच्यापुढे सरकवलं.

"पाचला येतो," म्हणत काका गेले.

मे महिन्याची सुट्टी होती. धाकटा भाऊ सोहेब आणि वर्गमित्र सिद्धराम दुकानातच होते. सिद्धराम शाळेसाठी गावाहून येऊन कुंभारीला मामाकडे राहायचा; सुट्टीतही अजून घरी गेला नव्हता. तिघं भिंग घेऊन चित्रावर वाकले.

"आपा, हा माणूस डाव्या हाताने जेवतोय! शी!" सोहेब किंचाळला.

"न्हावीबी डाव्याच हातानं दाढी करतोय की," सिद्धराम म्हणाला. "आन् शिपायाची तलवार उजव्या कमरेला! समदं गाव डावखुरं हाय का काय?"

सगळं गाव? सनाला शंका आली. मग तिने विकायला ठेवलेला एक आरसा ओढला आणि चित्र त्याच्यासमोर धरलं.

सिद्धराम ताडकन उठला. "आरं तिच्या! ह्ये तर आमचं आडनूर! त्यो वाकडा डोंगर, त्ये दोन दीपमाळांचं देऊळ!"

"कोरलेलं कागदावर उलटं उमटतं," अब्बा म्हणाले. "म्हणून आधीच उलटं कोरावं लागतं. कारागिराने अक्षरं तशी कोरली, चित्राचं मात्र विसरला!"

"पन आमच्याकडं घाट न्हाय," सिद्धराम हिरमुसला. "देवळाखाली नुसता गाळ आन् बाभळी."

"मग गाळाखाली बघू या!" सना म्हणाली.

आडनूर तासाभरावर होतं. अब्बांनी सिद्धरामच्या आईला, मायाक्कांना, फोन केला आणि तिघांना एसटीत बसवून दिलं.

मायाक्का कोयता घेऊन नदीवर उभ्याच होत्या. त्यांनी काटे तोडले. चित्रात शेवटच्या पायरीपाशी उजवीकडे दगडी हत्ती होता. सोहेब धावत उजवीकडे गेला.

"उलट रे! इथे तो डावीकडे असणार!" सना ओरडली.

तिघांनी खोरी चालवली. घामाच्या धारा लागल्या. हाताला फोड आले. आणि खण्ण! गाळातून दगडी सोंड वर आली, तिच्याशेजारी दोन पायऱ्या!

"लगीन होऊन हितं आले त्याला ईस वर्सं झाली," मायाक्का थक्क झाल्या, "पायाखाली हत्ती हाय, ठावंच न्हवतं!"

फोटो काढून तिघं परतले, तेव्हा पाच वाजून गेले होते. अब्बा नमाजाला गेले होते आणि काका स्वतःच पकडीने फ्रेमचे खिळे उपटत होते!

"थांबा!" तिघं एकदम ओरडले.

सनाने आरसा धरला, सोहेबने फोटो दाखवला, सिद्धरामने बोट ठेवून हत्ती दाखवला. काकांनी पकड खाली ठेवली. "पोरांनो, मी नीट न बघताच टाकायला निघालो होतो. शाबास तुमची!"

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात ते चित्र पहिल्या जागी लागलं, शेजारी आरसा. खाली सिद्धरामच्या अक्षरात 'आडनूर'. मायाक्का गावच्या बायकांना घेऊन आल्या होत्या. मायाक्का आरशात बघत बराच वेळ बोटांवर पायऱ्या मोजत राहिल्या.

"अकरा पायऱ्या हायत," अखेर त्या म्हणाल्या. "दोन निगाल्या, नऊ ऱ्हायल्या. तुमी पोरं लई गुनाची! उद्या येताय न्हवं?"

"येणार!" सना म्हणाली. सुट्टी अजून महिनाभर होती.