अंतर साठ सेंटिमीटर

विश्वास ठेवायचा तर ठेवा. पण हे माझ्या मावसभावाच्या बाबतीत घडलंय, आणि दादाला साधी थापही धड मारता येत नाही.

गेल्या वर्षीचा एक रविवार. भर दुपार. ऑफिसात चिटपाखरू नव्हतं.

दादा ड्रायव्हर लिहितो. गाडीचा नव्हे, कॉम्प्युटरचा! पडद्यावर बसवलेला सेन्सर चालवणारा प्रोग्राम. समोर कोणी बसलंय का, किती अंतरावर, हे तो सेन्सर सांगतो. माणूस उठून गेला की मशीन झोपतं.

पण एक मशीन झोपता झोपताच अडकायचं. पडदा काळा, पंखा चालू... आणि काही केल्या जागं होईना.

सोमवारपर्यंत दुरुस्त झालं नाही, तर दादाची नोकरी जाणार होती.

मूळ ड्रायव्हर मास्तरांनी लिहिलेला. ऑफिसात सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे. त्या रविवारच्या महिनाभर आधी ते वारले होते... याच मशीनसमोर, याच खुर्चीत.

दादाने केबलने शेजारचा लॅपटॉप जोडला. अडकण्याआधी मशीन काय नोंदवतं, ते त्यावर दिसणार होतं. 'झोप' दाबून तो पार दाराशी जाऊन उभा राहिला.

लॅपटॉपवर ओळ उमटली.

समोर व्यक्ती. अंतर साठ सेंटिमीटर.

खुर्ची रिकामी होती.

त्याने सेन्सर बदलला. पुन्हा तेच... साठ.

मशीन बिघडलं नव्हतंच. समोरचा माणूस उठायची वाट बघत होतं.

कोडमध्ये मास्तरांची टीप होती. "ही वाट बघणं काढू नका." कारण दिलं नव्हतं.

दादाने वहिनीला फोन लावला.

"मास्तरांनी काढू नका म्हटलंय गं."

"मास्तर पगार देणारेत का? काढ आणि घरी ये."

दादाने ते काढून टाकलं. 'झोप' दाबलं.

मशीन झोपलं. पंखा थांबला.

आणि... रिकामी खुर्ची हळूच मागे सरकली.

दादाने काम पाठवलं आणि पळ काढला. नोकरी वाचली.

तो घरी पोचला तेव्हा लेक अभ्यास करत होती. तिच्या खोलीतल्या मशीनवर तसाच सेन्सर होता, आणि मास्तरांचा जुना ड्रायव्हर.

"बाबा, मी उठले तरी हे झोपतच नाहीये. पंखा चालूच आहे."

परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. लेक आता स्वयंपाकघरात अभ्यास करते. तिच्या खोलीला कुलूप आहे. आतून पंख्याची घरघर ऐकू येते.

"अरे, प्लग काढून टाक की!" मी म्हणालो.

दादाने माझा हात घट्ट धरला.

"नको. बंद केलं तर ते उठतील."

मी बसलो नाही. उभ्या उभ्याच निघालो.