तिसरी सही

शिवप्पाच्या धाकट्या लेकीचं, उमादेवीचं लग्न झालं, त्याच साली, ब्याऐंशीत, लातूर जिल्हा झाला. पुढच्या फाल्गुनात शिवप्पा उदगीरजवळच्या डोंगरातल्या उद्यानात पाखरं बघायला निघाला, तेव्हा व्याही संगप्पा खो-खो हसला.

"साठी उलटल्यावर पाखरं? नातवंडं बघायची सोडून?"

"चला तर, व्याहीबुवा. तिसरी सही तुमचीच लागतीय."

वरच्या तळ्याकाठची झाडी तोडून रस्ता काढायचं घाटत होतं. हातभर फितीसारख्या शेपटीचं पांढरं पाखरू तिथं अजून येतं, असं तिघांनी बघून लिहून दिलं तर रस्ता वळवू, असं जंगलखात्याचे साहेब म्हणाले होते. मुदत आजचीच.

ते तळं बहात्तरच्या दुष्काळात खोदलेलं. शिवप्पा आणि त्याची बायको मल्लम्मा, दोघंही त्या कामावर होते. हजेरीपटावर दोघांचे अंगठे. मल्लम्माच्या अंगठ्यावर खुरप्याचा आडवा वण होता. दुपारच्या सुट्टीत ती आपल्या वाट्याचं निम्मं पाणी मडक्यात ओतायची, मडक्यावर विभूतीची तीन बोटं ओढायची आणि ते पाखरांसाठी फांदीला बांधायची.

शिवप्पा पुढं प्रौढांच्या वर्गात सही शिकला. शिकवणारे शेषेराव गुरुजी आज दुर्बीण घेऊन सोबत होते.

अर्ध्या चढावर संगप्पा दगडावर टेकला. "गुडघे लई दुखायलेत. तुम्ही या जाऊन. पण गळ्यात इष्टलिंग हाय माझ्या. न बघता सही करायचो न्हाई."

दोघंच वर गेले. तळ्याचा चिखल वाळून भेगाळला होता. पळस मात्र पेटल्यासारखा फुललेला. दुपार कलली. साळुंक्या दिसल्या, होले दिसले. पांढरं पाखरू काही दिसेना.

मग ओल्या मातीचा वास आला.

समोरच्या फांदीला मडकं होतं. काठोकाठ भरलेलं, बुडातून ठिबकणारं. त्यावर विभूतीची तीन बोटं.

"इथं कोण येतं?" गुरुजी कुजबुजले.

"कुणी न्हाई. पाणी दोन कोस खाली हाय."

कुणीतरी जिभेनं चुकचुक केली. हळू. तीनदा.

"तुम्ही केलं?"

शिवप्पानं मान हलवली. तो आवाज त्याला ठाऊक होता.

पाखरू आलं.

पांढरंशुभ्र. मडक्याच्या काठावर बसलं, पाणी प्यालं, फिती झुलवत पळसात शिरलं.

"दिसलं!" गुरुजी लहान पोरासारखे ओरडले. शिवप्पाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. दोघांनी वहीत सह्या केल्या. तिसरी ओळ कोरी ठेवून गुरुजींनी वही मिटली आणि पिशवीत घातली.

खाली संगप्पानं वही उघडली. "माझं काय अडलं? तिसरी तर झाली हाय की!"

तिसऱ्या ओळीवर अंगठा होता. राखेच्या रंगाचा. मधून आडवा वण.

शिवप्पानं फुंकर मारली. राख उडाली नाही.

साहेबांनी संध्याकाळी वहीचं पान बघितलं. "हा अंगठा कुणाचा?"

"आमच्या मंडळींचा."

"त्यांनी पाखरू बघितलं?"

"तिनंच बोलावलं, साहेब."

रस्ता वळला. झाडी उभी राहिली, पाखरू दर फाल्गुनात येत राहिलं आणि शिवप्पा छाती काढून लोकांना दाखवायला नेऊ लागला.

मल्लम्मा त्याच तळ्याच्या कामावर ऊन लागून वारली. त्र्याहत्तर सालच्या चैत्रात.