डायरेक्ट केलेली वायर

उद्या सकाळी तो सेकंडहँड छोटा ट्रॅक्टर बघायला जायचंय ना? मग एक ऐका, इंजिन थंड असतानाच पोहोचायचं. विकणारा चलाख असला तर तुम्ही यायच्या आधी अर्धा तास चालवून गरम करून ठेवतो, आणि गरम इंजिन काय, कसलंही चालू होतं. आधी बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर चहा मागायचा, आणि इंजिन गार होईपर्यंत त्याच्याकडे ठाण मांडून बसायचं. मग चालू करून धूर बघायचा. निळा दिसला तर सरळ घरी यायचं. आणि इंजिनचे तास मोजणाऱ्या मीटरवर विश्वास ठेवायचा नाही. मीटर मागे फिरवणारे लोक पेचकस माझ्याच दुकानातून न्यायचे.

आणखी एक. चावी फिरवायची ती सीटवर बसून. खाली उभं राहून नाही.

हसू नकोस. परवा तू तुझ्या मित्राचा ट्रॅक्टर खालूनच चालू केलास. मी खिडकीतून पाहिलं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही माझ्या.

का ते सांगतो. बसा. नाही, तो दिवा राहू दे.

माझं स्पेअर पार्टचं दुकान होतं तेव्हाची गोष्ट. समोरच फुंक्या मिस्त्रीचं गॅरेज. डिझेलची कुठलीही नळी असो, तोंडात धरून फुंकर मारून बघायचा, म्हणून फुंक्या. त्याची बायको म्हणायची, यांच्यासमोर गॅस पेटवायची भीती वाटते मला. पण हात काय होता त्याचा! जुने, वीस-बावीस हॉर्सपॉवरचे ट्रॅक्टर आणायचा, पार सुटे करायचा, जुळवायचा, रंग मारायचा आणि विकायचा. सगळे पार्ट माझ्याकडून. म्हणजे त्याच्या प्रत्येक ट्रॅक्टरमध्ये मी थोडा होतोच.

एकदा त्याने असाच एक निळा ट्रॅक्टर तयार केला. गिऱ्हाईक होते नर्सरीवाले अण्णा. गावाबाहेर उतारावर त्यांची रोपांची नर्सरी. साठीचा माणूस, भला, जरा थट्टेखोर. उजवा गुडघा कामातून गेलेला. ट्रॅक्टर उद्या न्यायला येणार, आणि आदल्या दिवशी मिस्त्रीच्या लक्षात आलं की क्लचचा स्विच मेलाय.

तो स्विच म्हणजे बोटाच्या पेराएवढी वस्तू. क्लचच्या पेडलखाली असते. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय ती चावीला चालू देत नाही. म्हणजे तुम्ही ट्रॅक्टर गिअरमध्ये विसरलात, तरी चालू होताना क्लच दाबलेला असतो, आणि तो जागचा हलत नाही. एवढंच तिचं काम.

माझ्याकडे स्विच शिल्लक नव्हता. मागवला तर आठ दिवस. मिस्त्रीने काय केलं, दोन वायरी सोलल्या, एकमेकींना जोडल्या, वरून काळी टेप. डायरेक्ट. सगळेच करतात. म्हणाला, “स्विच आला की बसवून देईन.” मी म्हटलं, “हो, काय घाई आहे.”

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. वर चढताना गुडघा धरून “आई गं” म्हणाले. तेव्हा मिस्त्रीला काय सुचलं… तो खाली उभा राहिला, मागच्या चाकापाशी, हात लांब केला आणि चावी फिरवली. एका फटक्यात चालू. “बघा अण्णा, तुमच्यासाठी खास सोय. वर चढायची भानगडच नाही. इंजिन तापू द्या, मग सावकाश चढा.”

अण्णा खूश. मी दुकानाच्या पायरीवर होतो. मी काय म्हणालो माहितीये? “चला, गुडघ्याला पेन्शन मिळाली!” सगळे हसले. मीसुद्धा.

जाता जाता अण्णा म्हणाले, हँडब्रेक जरा ढिला वाटतो. मिस्त्री म्हणाला, “जुन्या गाडीत तेवढं चालायचंच. उतारावर लावताना पहिल्या गिअरमध्ये टाकून ठेवा, जागची हलायची नाही.”

हा सल्लाही बरोबर होता. कुणीही हेच सांगेल. पण दोन्ही एकत्र करून बघा जरा… खालून चावी फिरवा, आणि गिअरमध्ये टाकून ठेवा.

समजलं ना? आम्हाला नाही समजलं.

स्विच नवव्या दिवशी आला. मी समोर हाक मारून सांगितलं. मिस्त्री म्हणाला, “ठेव, बघू.” तीन आठवडे तो माझ्या काउंटरवर पडून होता. मग दुसऱ्या कुणाला तसाच हवा होता. मी देऊन टाकला.

अण्णा जुलैत गेले. सकाळी सात वाजता, चावी फिरवताना. मागचं चाक अंगावरून गेलं. पोलिसांनी लिहून घेतलं की गाडी गिअरमध्ये होती, चालकाचं दुर्लक्ष. वायरीबद्दल कुणी विचारलं नाही, विचारणार तरी कोण? गर्दीत मिस्त्री माझ्या शेजारी उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली चपलांकडे पाहत राहिलो.

त्यानंतर आम्ही दोघं त्या विषयावर एक अक्षर बोललो नाही. रोज समोरासमोर दुकानं उघडायची, रोज चहा एकत्र, आणि मध्ये ते. त्याने नळ्यांत फुंकर मारणं सोडलं. पंप वापरायला लागला.

नोव्हेंबरात वहिनींचा, म्हणजे अण्णांच्या बायकोचा निरोप आला. ट्रॅक्टर घेऊन जा आणि विकून टाका, मला तो डोळ्यांसमोर नको.

सोळा नोव्हेंबर, गुरुवार. मिस्त्री मुद्दाम संध्याकाळ उलटल्यावर गेला. दिवसा त्या ट्रॅक्टरवर बसून बाजारातून यायची त्याची हिंमत नव्हती. बॅटरी घेऊन गेला, डिझेलच्या लाइनमधली हवा काढली, टायर भरले. वहिनी कंदील घेऊन शेजारी उभ्या होत्या. मध्येच म्हणाल्या, “भाऊ, त्या दिवशी मीच हाक मारली हो यांना. पाणी द्यायचं राहिलंय, किती वेळ लावताय, म्हणून ओरडले. तशीच घाईघाईत चावी फिरवली असणार त्यांनी. मी नसते ओरडले तर वर चढून बसले असते.”

वर चढून बसले असते! मिस्त्रीला माहीत होतं, अण्णा कधीच वर चढून चालू करत नव्हते. त्यानेच तर शिकवलं होतं. तेव्हा बोलायला हवं होतं त्याने. एक वाक्य पुरलं असतं. तो म्हणाला, “तुमचा काय दोष, वहिनी,” आणि पाना उचलून पिशवीत टाकला.

सव्वानऊला निघाला. सात किलोमीटर रस्ता, वाटेत वस्ती नाही. पुढचा डावा दिवा बंद. पुलाशी ट्रॅक्टरने आचके दिले आणि बंद पडला. चार महिने उभ्या गाडीचं डिझेल, फिल्टर तुंबणारच. तो उतरला, फिल्टर साफ केला, हवा काढली, आणि खालूनच चावी फिरवली.

काही नाही. स्टार्टरचा टक आवाजसुद्धा नाही.

परत फिरवली. नाही. बॅटरीच्या तारा हलवून पाहिल्या, घट्ट होत्या. शेवटी वर चढला, सवयीने क्लच दाबला, चावी फिरवली. लगेच चालू.

उरलेले चार किलोमीटर त्याच्या डोक्यात एकच. स्विच नाही त्याच्यात. मग क्लच दाबल्यावरच का चालू झाला?

गॅरेजवर पोहोचला तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. शटर वर केलं, ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये आत घेतला, बंद केला. तिथली फरशी रस्त्याकडे उतरती. हात आपोआप गिअरवर गेला… पहिला गिअर. त्यानेच सांगितलेला सल्ला. उतरला. टॉर्च घेतली, पेडलखाली वाकला. वायरी तशाच. टेप त्याचीच. जोड पक्का.

म्हणजे खालून चालू व्हायलाच हवा.

मिस्त्री माणूस. खाज स्वस्थ बसू देईना. चाकापाशी उभा राहिला. हात लांब केला. चावी फिरवली.

चालू झाला.

पहिल्याच फटक्यात. गॅरेज दणाणून गेलं. आणि मग त्याची नजर गिअरच्या दांडीवर गेली.

पहिला गिअर.

इंजिन चालू. गिअरमध्ये. मागचं चाक त्याच्या पोटरीपासून वीतभर. चाक हलत नव्हतं.

त्याने पेडलकडे पाहिलं.

पेडल खाली होतं. पूर्ण खाली. दाबलेलं.

वर सीटवर कुणी नाही… सीटचा स्पंज मात्र मध्ये दबलेला.

मिस्त्री मला म्हणाला, पाय मागे घ्यायचं सुचलंच नाही. मग मागे सरकला. एक पाऊल. दोन. भिंतीला पाठ टेकली. पळून जाता आलं असतं. पण इंजिन चालू होतं, शटर उघडं होतं, समोर रस्ता, रस्त्यापलीकडे दुकानामागे माझं घर. आणि चावीने इंजिन बंद होत नाही या ट्रॅक्टरचं. समोर एक दांडी असते, ती ओढावी लागते. ती ओढायला परत चाकासमोर जायला हवं.

पेडलवरचा तो पाय… निघाला तर?

तो परत गेला. चाकासमोर उभा राहिला. तोंडातून निघालं,

“अण्णा… धरून ठेवा.”

हात लांब केला. दांडी ओढली.

इंजिन बंद.

पेडल… तसंच खाली.

पावणेअकराला त्याने माझं दार वाजवलं. उंबऱ्यात उभ्या उभ्या सगळं सांगितलं, वहिनींचं बोलणंसुद्धा. मी टॉर्च घेऊन गेलो. मी विश्वास ठेवणारा नव्हतो रे. म्हटलं, स्प्रिंग गेली असेल. पेडलखाली बोटं घातली आणि वर ओढलं. हललं नाही. अजून जोर लावला…

वरूनही जोर वाढला.

हळूच. जेवढा मी लावला, तेवढाच.

मी बोटं काढून घेतली. मिस्त्री फरशीवर बसून रडत होता. म्हणाला, “मला चिरडलं असतं तर बरं झालं असतं.” खरं सांगू, मलाही माझ्याबद्दल तेच वाटत होतं.

सकाळी दोघं नर्सरीत गेलो. वहिनी पिशव्यांत माती भरत होत्या. मिस्त्रीने सगळं सांगितलं. स्विच, वायर, खालून चावी, गिअर. काही लपवलं नाही. त्यांचे हात चालूच होते. पिशवी भरायची, दाबायची, बाजूला ठेवायची. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या,

“आणि तुम्हाला? तुम्हाला माहीत होतं?”

मी म्हटलं, “हो.”

“चार महिने,” त्या म्हणाल्या, “रोज रात्री मी ती हाक परत घेत होते. आणि तुम्ही दोघं समोर येऊन सांत्वन करून जात होतात.”

ओरडल्या असत्या, काही फेकून मारलं असतं तरी चाललं असतं. त्या परत माती भरायला लागल्या. भरलेली पिशवी बाजूला ठेवत म्हणाल्या, “ट्रॅक्टर परत आणून ठेवा. विकायचा नाही.”

दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून ओढत नेला. क्लच दाबलेलाच होता, अडचण आली नाही. मिस्त्रीने तिथेच सगळं उघडलं. स्प्रिंग ठणठणीत, दांडा सरळ, कुठे गंज नाही. पेडल वर यायला हवं. येत नाही. मिस्त्री दोन वर्षांपूर्वी गेला. मी सांगतो म्हणून तुम्हाला पटेल न पटेल. ट्रॅक्टर मात्र आहे, हिरव्या जाळीखाली, चारी टायर बसलेले.

त्याचं थोडंफार बघायला अजून मीच जातो. वहिनी बोलत नाहीत माझ्याशी. दार उघडून देतात, एवढंच. गंजू नये म्हणून ऑइल लावतो, उंदरांनी वायरी कुरतडल्यात का बघतो. आणि…

ते कपाट उघड. खालच्या खणातला डबा आण. हं, ओत इथे उजेडात.

घाबरायचं काय त्यात, रबरं आहेत. क्लचच्या पेडलवर चढवतात ती. तेरा आहेत, मोजायची गरज नाही. पाय दिवसभर ठेवून चालवणाऱ्याचं रबर चार-पाच वर्षांत असं गुळगुळीत होतं. ही सगळी मी त्या ट्रॅक्टरला नवीकोरी बसवली होती, एकामागून एक, सहा वर्षांत. हे वरचं गेल्या महिन्यात काढलं. बोट फिरव त्याच्यावरून. टाचेकडे झिजलेलं नाही, पुढे पंजाखाली झिजलंय, जोर लावून दाबून धरल्यासारखं. आतलं लोखंड लागतंय ना हाताला?

त्या सीटवर सहा वर्षांत कुणीही बसलेलं नाही.